गल्लीबोळचा नियम

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न फोडता ठेवून देऊ नकोस. दुसरा मार्ग तू ठेवलाच नाहीस. फोन बदललास, सगळी खाती बंद केलीस, तुझ्या ‘गल्लीबोळ’ चॅनेलवरचे व्हिडिओ तेवढे राहू दिलेस आणि त्यांच्याखालच्या प्रतिक्रियांना कुलूप लावलंस. तुझा पत्ता मी तुझ्या मित्राकडून, त्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून, काढला. फार आढेवेढे घेतले त्याने. “वकीलसाहेब, तो माझं डोकं फोडेल,” म्हणाला. म्हणजे तू मला वकील म्हणतोस हे त्याच्या दुकानात सगळ्यांना ठाऊक आहे तर. मी म्हटलं, “इतक्या लांबून फोडता येत नाही. लिही पत्ता.”

त्यानेच सांगितलं की मार्च संपताना तू समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी गोदामात तीन वर्षांच्या करारावर जाणार आहेस. म्हणून माझी मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तुला निवांत वाचता येईल. जाण्याआधी एकदा घरी ये आणि बाबांच्या समोर बस. माफी माग असं मी म्हणत नाही. समोर बस, एवढंच. वर्ष उलटून गेलं, तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेला नाहीत. आणखी तीन वर्षं गेली तर बोलायची सवयच जाईल.

घरी सगळं ठीक आहे. आई बरी आहे. बाबा ठीक आहेत.

मला नोकरी लागली. वसाहतीच्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर संगणकांची खोली आहे ना, पंखा टकटक वाजतो ती, तिथे. तात्पुरती आहे, पण खोलीची किल्ली माझ्याकडे असते. मुलाखतीत ग्रंथपालबाईंनी विचारलं, “इथे माणसं पेपरातल्या बातम्यांवरून भांडतात. तुम्हाला भांडण हाताळता येतं का?”

मी म्हटलं, “हो. भावाकडून शिकलेय. तो व्हिडिओ गेम खेळतो.”

बाईंनी चष्मा काढला. “गेम खेळून भांडण मिटवायला शिकलात?”

मग मी त्यांना तुझा नियम सांगितला. त्यासाठी गेम एकच, शहर वसवायचा. शहर दादाचं. सरकार, घरभाडं, शाळा, रस्ते, मनात येईल त्यावर दादा ‘गल्लीबोळ’वर बोलणार. पण बोलताना स्वतः खेळायचं नाही. ज्याला दादाचं म्हणणं सगळ्यात कमी पटतं, माऊस त्याच्या हातात. बोलणाऱ्याचं होईपर्यंत त्याने शहर सांभाळायचं, तेही मालकाच्या मर्जीने, आणि तोंड उघडायचं नाही. मग अदलाबदल.

“आणि त्याने मुद्दाम शहर बुडवलं तर?”

“एकाने बुडवलं होतं. धरणच फोडलं. दादाने आपलं बोलणं पुरं केलं, शहराची जतन केलेली जुनी प्रत उघडली आणि म्हणाला, आता तू बोल, शहर मी सांभाळतो. तो माणूस नंतर दर रविवारी यायचा.”

बाईंनी चष्मा परत चढवला. मला वाटतं नोकरी मला त्या धरणानेच मिळवून दिली.

गेममुळे पोरं वाया जातात म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, त्यांना तुझ्याबद्दल सांगते. आईने माझं पदवीचं प्रमाणपत्र टीव्हीच्या वर लावलंय, थोडं वाकडं. कोणी आलं की आधी तिकडे बोट. घरातली पहिली पदवीधर. मला त्याचा अभिमान आहे, नाही असं नाही. पण खरं सांगू? कॉलेजने मला उत्तर लिहायला शिकवलं. उत्तर कोणाच्या अंगावर पडतं हे मी तुझ्या शहरात शिकले. पूल इथे बांधला की पलीकडची गल्ली सावलीत जाते, हे मला पुस्तकाच्या आधी तुझ्या पडद्यावर दिसलं.

आणि तू मित्रांबरोबर खेळायचास तो लढाईचा गेम. मी पहिल्यांदा माइक चालू केला तेव्हा पलीकडून कोणीतरी म्हणालं, “ए, भांडी घासायला जा.” तू त्याला शिवी दिली नाहीस. मला माइक बंद कर म्हणाला नाहीस. तू खेळायचाच थांबलास. तुमची टोळी मार खायला लागली, सगळे कावले, “अरे हल की.” तू शांतपणे म्हणालास, “माझी बहीण काहीतरी सांगत होती. तिचं होऊ दे.” मी जे सांगितलं ते चूकच निघालं आणि तुम्ही हरलात. पण त्यानंतर कॉलेजात कुठल्याही वर्गात हात वर करताना माझा आवाज कापला नाही.

ये.

तुझी,
वकील

१९ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रातलं ‘बाबा ठीक आहेत’ हे वाक्य खोडून टाक.

बाबा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जात नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन बॉयलरमागच्या पायऱ्यांवर एकटे बसतात. मला हे टोपीकाकांकडून कळलं. टोपीकाका म्हणजे बाबांच्याच पट्ट्यावर बाटल्या तपासणारे, झोपतानाही टोपी काढत नसतील ते. तुझ्या व्हिडिओचं पुढे काय झालं हे तुला कोणी नीट सांगितलं नसणार. सांगणार कोण? तू प्रतिक्रिया बंद करून गेलास. म्हणून मी लिहिते.

कामगार संघटनेच्या अध्यक्षांनी रात्रपाळीचा भत्ता सोडून दिला आणि त्या बदल्यात स्वतःची माणसं कायम करून घेतली, हे तू उघड केलंस. तासाभराचा व्हिडिओ. त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कोणीतरी कापला. त्यात तू म्हणतोस, “माझे बाबा आयुष्यभर उजेडापुढून सरकणाऱ्या बाटल्या तपासतात. तडा गेलेली एक बाटली त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मग हा माणूस कसा सुटला?” तुकडा तिथेच संपतो. तुझं पुढचं वाक्य होतं, “कारण माणसांकडे ते तसं बघत नाहीत, आणि ती त्यांची चूक नाही, तो त्यांचा मोठेपणा आहे.” हे वाक्य कारखान्यात एकानेही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा जेवायला बसले तर समोरच्या टेबलावरच्या पॅकिंगवाल्याने पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, “बघू, अध्यक्ष दिसतोय का यात.” अख्खं कॅन्टीन हसलं. तेव्हापासून बाबा तिथे गेले की कोणी ना कोणी ग्लास उचलतोच. म्हणून त्यांनी जाणं सोडलं. आणि म्हणून त्या संध्याकाळी तुला ते म्हणाले, “या घरात राहायचं असेल तर तोंड मिटून राहा,” आणि तू बॅग भरलीस.

मी यावर खूप विचार केलाय. लोक म्हणतात इंटरनेटवर खोटं फार. मला खोट्याची तेवढी भीती वाटत नाही, खोटं कधी तरी पकडलं जातं. पण खरं वाक्य अर्ध्यावर कापलं तर पकडायचं काय? शब्द तुझेच, आवाज तुझाच. तुझा शांत तास मोजक्या लोकांनी पाहिला, तो तुकडा सगळ्यांनी. राग आला की बोट आपोआप ‘पुढे पाठवा’वर जातं, आणि हे ज्यांना ठाऊक आहे ते रागच विकतात. म्हणून तिथून सगळ्या भल्या माणसांनी निघून जावं असं मात्र मला वाटत नाही. तू गेलास याचं मला वाईट वाटतं. तुझ्यासारखं ऐकून घेणारे तिथे आधीच कमी आहेत.

तरी एक सांगते, आणि हे तुझ्याच शाळेत शिकलेली मुलगी म्हणून सांगते. तो व्हिडिओ मी परत पाहिला, पूर्ण. तुझं म्हणणं बरोबर आहे. मी आजही त्याला शब्दागणिक मान देते. पण तो संपूर्ण तास माऊस तुझ्याच हातात आहे. दर वेळी तू समोरच्याला बसवायचास, त्या दिवशी कोणालाच बसवलं नाहीस. अध्यक्षांच्या बाजूचं कोणी नाही. बाबाही नाहीत. आणि दादा, बाबा त्या वेळी शेजारच्याच खोलीत होते.

तुझी,
वकील

६ मार्च

दादा,

तुला हसवायला काहीतरी आहे, म्हणून उत्तराची वाट न बघता लिहिते.

संघटनेची निवडणूक आली आहे आणि वसाहतीचा ग्रुप पेटलाय. टोपीकाकांनी लिहिलं, “अध्यक्षांना नावं ठेवणाऱ्यांचे अजून दुधाचे दात पडायचेत.” भट्टीवर एक तरुण आहे, सगळे त्याला भट्टीवालाच म्हणतात. त्याने खाली लिहिलं, “काकांचे दुसरे दातही गेले, म्हणून ते कोणाला चावत नाहीत.” त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दुसऱ्या दिवशी दोघंही माझ्या खोलीत. काका पेन्शनची माहिती काढायला, तो नोकरीच्या जाहिराती बघायला. पाठीला पाठ लावून बसलेले, आणि दोघंही कीबोर्डवर असं बोट आपटत होते की जणू समोरच्याच्या डोक्यावर.

मी तुझं शहर उघडलं. कॉलेजात असताना तू मला प्रत दिली होतीस तीच.

“काका, इकडे या. हे सांभाळा जरा.”

“मला पोरांचे खेळ येत नाहीत.”

“माऊस हलवता येतो ना? बास.” मग भट्टीवाल्याला म्हटलं, “तुला अध्यक्षांबद्दल जे बोलायचंय ते बोल. काका खेळतील, बोलणार नाहीत. मग उलट.”

“आणि मधेच बोलले तर?”

“तर शहराचं नुकसान. आणि शहर माझ्या भावाचं आहे.”

तो बोलायला लागला. काका मधे मधे खुर्चीतून उठायचे, चेहरा लाल. दर वेळी मी म्हणायचे, “काका, ट्रॅफिक.” खाली बसायचे. खरंच चौकात गाड्या तुंबलेल्या असायच्या. ते सोडवता सोडवता काकांना ऐकावंच लागलं.

मग माऊस भट्टीवाल्याकडे आला. काकांनी टोपी सारखी केली. “बायकोच्या ऑपरेशनला रक्त मिळत नव्हतं. अध्यक्ष आले, बाही वर केली, झोपले पलंगावर. तू म्हणतोस ते असेल खरं, मी नाही म्हणत नाही. पण त्या माणसाला मी कराराच्या कागदावरून जोखू?”

भट्टीवाला खेळत राहिला. काकांचं संपल्यावर म्हणाला, “हे मला माहीत नव्हतं.”

“तू विचारलंस कुठे? थेट दातांवर गेलास.”

दोघं हसले. मत कोणाचंच बदललं नाही, हेही सांगते, नाहीतर तू म्हणशील वकील गोष्टी रचते. तो अजून अध्यक्षांच्या विरोधात, काका अजून बाजूने. पण आता ते भांडायला खोलीत येतात, ग्रुपवर जात नाहीत. बाकीचेही यायला लागलेत. ग्रंथपालबाईंनी ‘शांतता राखा’ची पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

एका बाबतीत मात्र मी तुझ्याशी सहमत नाही. तू म्हणायचास, टोपणनाव असलं, चेहरा लपला, की माणूस मोकळं बोलतो. मला इथे दिसतं की समोरच्याचा हात माऊसवर घामेजलेला दिसला की माणूस जपून बोलतो, आणि मला जपून बोललेलं मोकळ्यापेक्षा आवडायला लागलंय. ये आणि माझं खोडून काढ. शहर मी सांभाळीन.

तुझी,
वकील

१५ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं. पण तू पोस्टकार्ड पाठवलंस. आपल्या घरात टपाल कोण आत आणतं हे विसरलास का? वरती माझं नाव, खाली तुझी एकच ओळ: “मी खोटं काय बोललो?”

बाबांनी ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं. “तुझं आहे,” म्हणाले, आणि जेवायला बसले. आई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे. अर्ध्या जेवणात बाबा म्हणाले, “तो खोटं बोलला असं मी म्हटलं होतं का कधी?” कोणाला विचारलं कळलं नाही. आई म्हणाली, “तुम्ही काहीच म्हणत नाही हीच तर तक्रार आहे.”

मग मी सगळं सांगून टाकलं. पत्रं, पत्ता, तू मार्चअखेर जाणार ते. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, “त्या खोलीत काय चालतं तुझ्या? टोपीवाला रोज काहीतरी सांगतो.”

नियम सांगितला. म्हणाले, “मला खेळता येत नाही.”

“तुम्ही बोला. त्याच्या वतीने मी खेळते.”

“तिथेही त्याला वकील लागतोच का?”

हसले, दादा. थोडंच, पण हसले.

तुझ्या ओळीचं उत्तर: काहीच खोटं बोलला नाहीस. निवडणुकीत अध्यक्षच परत आले, पण पहिल्याच सभेत ठराव झाला की यापुढे कुठल्याही करारावर सही होण्याआधी तो सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायचा. ठराव भट्टीवाल्याने मांडला आणि अनुमोदन टोपीकाकांनी दिलं. पॅकिंगवाल्याला चक्कर यायची बाकी होती. हे तुझ्या नियमाने घडलं, आणि तू खोकी उचलायला समुद्रापलीकडे निघालायस.

पण बरोबर असणं आणि समोर असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुला जमते. दुसरी तूच मला शिकवलीस.

सोमवारी ग्रंथालय बंद असतं. बाबांनी त्या दिवशीची सुट्टी टाकली आहे. पुढचं पुढच्या पत्रात.

तुझी,
वकील

२१ मार्च

दादा,

हे पत्र लिहू का म्हणून मी बाबांना विचारलं. म्हणाले, “लिही. पण पूर्ण लिही. कापू नकोस.” म्हणून ते बोलले तसंच उतरवते.

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तुझं शहर उघडलं, माऊस घेतला आणि तोंड मिटलं. बाबा माझ्या मागे उभे होते. पडद्यावरची एकेक गल्ली त्यांनी बघून घेतली. मग सुरू झाले.

“तो म्हणाला ते खरं होतं. मला ते त्याच्या आधी कळलं होतं. भत्ता गेला की पगारात दिसतो, त्याला व्हिडिओ लागत नाही. अध्यक्षाच्या माणसांना कायमची पत्रं मिळाली तीही मी पाहिली. दिसलं सगळं. मी गप्प बसलो. अध्यक्षाशी वाकडं घेतलेल्यांना कंत्राटात टाकतात, आणि तुझं कॉलेज अर्ध्यावर होतं.”

मी खेळत राहिले. नियम आहे म्हणून खेळत राहिले. पडद्यावरचे रस्ते मला नीट दिसत नव्हते.

“त्याने मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. लाज वाटली असती, पण पोराला सांगितलं असतं. त्याने जगाला विचारलं, माझ्या बाबांना कसं दिसलं नाही. मी भिंतीपलीकडे बसून ऐकत होतो. आता जगाला काय सांगू, दिसलं होतं म्हणून? मग लोक विचारणार, गप्प का बसलास. त्यापेक्षा त्यांनी ग्लास उचलून हसलेलं बरं. आंधळा म्हणवून घेणं मला परवडलं. भित्रा म्हणवून घेणं नाही परवडलं. त्याच्यावर घरातून जायची वेळ आणली ती यासाठी. तो समोर असता तर एक ना एक दिवस मी बोलून गेलो असतो.”

पुढे म्हणाले, “त्याला मी आंधळा वाटलो हे मात्र लागलं.”

मग म्हणाले, “झालं माझं. आता काय करतात?”

“आता अदलाबदल. तुम्ही खेळायचं, तो बोलणार.”

“तो कुठाय?”

बाबांनी खुर्ची पुढे ओढली, मला उठवलं आणि माऊस हातात घेतला.

दादा, मी आजवर कौतुक फक्त तुझं करत आले. मला वाटायचं आपल्या घरात धीट एकटा तूच. त्या दिवशी कळलं की माझं एकेक पुस्तक बाबांच्या गप्प बसण्यावर आलंय, आणि त्यांनी त्याचं ओझं ना मला दाखवलं, ना तुला. तू त्यांचाच मुलगा आहेस. फक्त ते घरासाठी गिळतात आणि तू सगळ्यांसाठी बोलतोस.

बुधवारी ते कॅन्टीनमध्ये गेले. टोपीकाका सोबत होते, त्यांनीच सांगितलं. पॅकिंगवाल्याने सवयीने ग्लास उचलला. बाबा म्हणाले, “दिसला होता. तेव्हाच दिसला होता. घाबरलो म्हणून बोललो नाही. माझा मुलगा घाबरला नाही.” आणि डबा उघडला. पॅकिंगवाल्याने ग्लास खाली ठेवला, मग त्यातलं पाणी प्यायला, दुसरं करणार काय.

आता रोज कामावरून सुटले की बाबा थेट खोलीत येतात आणि तुझं शहर घेऊन बसतात. मालकाच्या मर्जीने चालवायचं म्हणून चालवतात, पण कुरकुर चालू असते. “बसेस फुकट. दवाखाने फुकट. कर लावायचा नाही. हा शहर चालवतोय की लग्नघर?” तरी एक बस बंद केलेली नाही. कोणाला खुर्ची देत नाहीत. भट्टीवाला काल म्हणाला, “काका, आमचा नंबर कधी?” म्हणाले, “मालक येऊन बोलला की.” ग्रंथपालबाईंनी त्यांच्यासाठी चहाचा वेगळा कप ठेवलाय.

उत्तरेकडच्या गल्ल्यांत कालपासून वीज नाही. बाबांनी चुकीची तार तोडली आहे आणि कुठली ते त्यांना सापडत नाही. घरोघरच्या खिडक्या काळ्या पडल्यात, माणसं शहर सोडून चालली आहेत, आणि बाबा चष्मा पडद्याला लावून एकेक खांब तपासतायत. मला ती तार माहीत आहे. पण बोलायची वेळ तुझी आहे, माझी नाही, म्हणून मी गप्प उभी आहे.

लवकर निघ.

तुझी,
वकील